देवगिरीची वाट आणि कुटुंबाची शिदोरी

(छत्रपती संभाजीनगर येथील एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सुटीच्या दिवशी सहकुटुंब डोंगरवाट चढावी, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते. त्यासाठी सह्याद्रीच्या दूरच्या घाटवाटा शोधाव्या लागत नाहीत. आपल्या शहरापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर देवगिरी उभा आहे. पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उंची, साधारण साडेसातशे पायऱ्या आणि पावलापावलावर आठशे वर्षांचा इतिहास! आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सर्वांना सामावून घेणारी ही वाट आहे. अट एकच : पूर्वतयारी.

पूर्वतयारीचे महत्त्व देवगिरीइतके दुसऱ्या कोणत्या गडाने सांगावे? बाराव्या शतकात यादवराजा भिल्लमाने येथे राजधानी वसवली. कातळ तासून केलेले उभे कडे, खोल खंदक, एकामागे एक तटबंदी. बळाने हा गड घेणे जवळजवळ अशक्य. तरीही इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. वेढा पडल्यावर घाईघाईने गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. कडे अभेद्य होते, पण पोती उघडून पाहिली गेली नव्हती.

याच गडावर पुढे जनार्दनस्वामी किल्लेदार होते. त्यांच्याकडे पैठणहून आलेले बालक एकनाथ गुरुसेवेत हिशेब पाहू लागले. एका पैची चूक सापडेपर्यंत ते रात्रभर जागले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. एकाच गडाच्या या दोन कथा. सहलीच्या आदल्या रात्री पिशवी भरताना दोन्ही मुलांना सांगाव्यात आणि पिशवी तपासण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

पिशवीत काय असावे? प्रत्येक मोठ्या माणसामागे किमान दीड लिटर पाणी. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकडी, गूळ-शेंगदाणे. न सांडणारे आणि न विटणारे अन्न. प्रत्येकी एक विजेरी, टोपी, मलमपट्टी आणि ज्येष्ठांची नित्याची औषधे. पायांत चांगली पकड असलेले बूट असावेत. नव्या कोऱ्या चपलांची परीक्षा गडावर पाहू नये. खाऊ उघड्यावर काढू नये, कारण वानरांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते.

काळ निवडावा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गड हिरवागार दिसतो, पण झिजलेल्या पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि गवत वाळते. एप्रिल २०२५ मध्ये गडावरील वाळलेल्या गवताला मोठी आग लागली होती, हे विसरू नये. काडेपेटी घरीच ठेवावी. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. म्हणून धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. गड उघडताच चढाई सुरू करावी, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी माथा गाठता येतो.

आता वाटेविषयी. तिचे तीन टप्पे मानावेत. पहिला टप्पा महाकोटाच्या दरवाजापासून चिनी महालापर्यंत. चढ सौम्य आहे. गुडघे दुखणाऱ्यांनीही सावकाश जावे. प्रचंड हत्ती हौद, त्यानंतर भारतमाता मंदिर. यादवकालीन मंदिरांचे खांब वापरून चौदाव्या शतकात खिलजी राजवटीत येथे मशीद उभारली गेली आणि १९४८ च्या हैदराबाद मुक्तीनंतर येथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली. समोर बहमनी काळातील उत्तुंग चांदमिनार. पुढे चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा येथेच औरंगजेबाच्या कैदेत होता. जवळच्या बुरुजावरील मेंढा तोफ मुलांना हमखास आवडते.

दुसरा टप्पा खंदक आणि अंधारी. भर दुपारीही येथे काळोख असतो, वटवाघळे फडफडतात, पायऱ्या उंचसखल आहेत. पुढे एक व मागे एक मोठा माणूस, मध्ये मुले, प्रत्येकाच्या हाती विजेरी, असाच क्रम ठेवावा. शत्रूची वाट चुकवण्यासाठी केलेली ही रचना मुलांना चालता चालता समजावून सांगावी. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी खंदकाअलीकडेच सावलीत थांबावे आणि घरातील एकाने त्यांच्यासोबत बसावे. ज्येष्ठांना एकटे ठेवून माथा गाठणे शोभणारे नाही.

तिसरा टप्पा गणेश मंदिर, बारादरी आणि माथा. चढ येथे खरा दमवतो. गणेश मंदिरापाशी सर्वांनी बसावे, पाणी प्यावे आणि उरलेले पाणी मोजावे. निम्म्याहून अधिक संपले असेल, तर तेथूनच परतावे. बारादरीतून खालचा तट, मिनार आणि दूरवरचे डोंगर एका नजरेत येतात. माथ्यावर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. उतरताना घाई करू नये. थकलेले पाय उतारावरच घसरतात.

अनेक कुटुंबे एकाच दिवसात देवगिरी, खुलताबाद, वेरूळ आणि घृष्णेश्वर उरकतात. 'उरकणे' हा शब्दच बोलका आहे. अशा दिवशी मुलांना केवळ गाडीची खिडकी आठवते. गडासाठी पूर्ण दिवस द्यावा, परतताना हंगामाप्रमाणे वाटेवरच्या विक्रेत्यांकडून पेरू वा सीताफळे घ्यावीत, आणि आपला कचरा पिशवीतच घरी आणावा.

बंधूंनो, घरात आज प्रत्येकाची गती वेगळी आहे. डोंगरवाटेवर मात्र सर्वांत सावकाश चालणाऱ्याची गती हीच कुटुंबाची गती असते. नातू आजीसाठी थांबतो, आजी त्याला एकनाथांची गोष्ट सांगते. हे संस्कार कोणत्याही वर्गात शिकवता येत नाहीत. येत्या हिवाळ्यात एक रविवार ठरवा, शेजारच्या एखाद्या कुटुंबालाही सोबत घ्या. आणि निघण्यापूर्वी पोती उघडून पाहायला विसरू नका!