फुटका डाउन पाइप : काम लहान, प्रश्न जिवाचा

(शाखेच्या सुरक्षा वर्गात रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात आम्ही महागाई भत्ता, पेन्शन आणि खाजगीकरण यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. त्या प्रश्नांवर आम्ही नेहमी बोलतो, पुढेही बोलू. आज मात्र आम्ही एका पाइपाबद्दल बोलणार आहोत. पिकअप गाडीच्या टर्बोपासून निघून खाली सायलेन्सरकडे जाणारा हा पाइप. गॅरेजमध्ये कोणी त्याला डाउन पाइप म्हणतो, कोणी फ्रंट पाइप, तर कोणी नुसताच सायलेन्सरचा पुढचा पाइप. या लोखंडी तुकड्याने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या पाच माणसांचा जीव घेतलाच होता. थोडक्यात वाचले.

हकीकत अशी. सातपुड्याच्या पलीकडच्या आपल्या एका सेक्शनमध्ये थंडीची रात्रगस्त चालू होती. कडाक्याच्या थंडीत रूळ आकसतो, वेल्ड तडकतो, म्हणून रात्री माणसे चालत रूळ तपासतात, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. गस्तवाल्यांना त्यांच्या बीटवर सोडायला एक डबल केबिन पिकअप होती. गाडी ठेकेदाराची, चालकही ठेकेदाराचा. रात्रीचे दोन वाजलेले आणि थंडीमुळे सगळ्या काचा वर. वाटेत एका तरुण ट्रॅक मेंटेनरला उलटी झाली. मुकादम खाली उतरले, ते उभे राहू शकेनात. चालकाचे स्वतःचे डोके फुटायला आले होते, तरी त्याला वेळीच सुचले. त्याने चारही दारे उघडली आणि सगळ्यांना बाहेर उघड्यावर बसवले. पुढे इस्पितळात प्राणवायू दिला गेला आणि पाचही जण बरे होऊन घरी गेले.

सकाळी बॉनेट उघडले. टर्बोच्या फ्लेंजखाली पाइपाला बोटभर चीर पडली होती. समोरचा पत्रा काजळीने काळा झाला होता. गिअरच्या दांड्याचे रबरी बूट फाटलेले होते आणि त्या भोकातून धूर थेट केबिनमध्ये येत होता. त्या पाइपाला आधी तीन वेळा रस्त्यावर वेल्डिंग मारून घेतले होते.

आता चूक कोणाची? कार्यालय म्हणाले, चालकाने लॉगबुकात दोष लिहिला नाही. चालक म्हणाला, "वही माझ्या हातात कधी दिली? मी फक्त किलोमीटरवर सही करतो." ठेकेदार म्हणाला, गाडी एक दिवस उभी राहिली तर बिलातून पैसे कापतात, मग दुरुस्तीला कधी लावू? प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. पण बंधूंनो, एक बोट आमच्याकडेही आहे. त्या चालकाने महिनाभर आधी आमच्या शाखेच्या एका कार्यकर्त्याला सांगितले होते, "भाऊ, गाडीत बसले की डोके दुखते." आम्ही काय केले? तो ठेकेदाराचा माणूस आहे, आपला सभासद नाही, असे म्हणून विषय सोडून दिला. ज्या केबिनमध्ये त्याचे डोके दुखत होते, त्याच केबिनमध्ये आपले चार सभासद बसत होते, एवढे साधे आमच्या लक्षात आले नाही. ही चूक आम्ही येथे उघडपणे कबूल करतो.

धुरात काय असते ते समजून घ्या. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून छाती भरून श्वास घेतला तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणे. बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटते आणि गाडीत बसल्यावर पुन्हा दुखते, ही मुख्य खूण लक्षात ठेवा. डिझेल इंजिनात हा वायू पेट्रोलपेक्षा कमी निघतो, पण बंद केबिनमध्ये तासन्‌तास बसणाऱ्याला तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. शिवाय डिझेलच्या धुरात काजळी आणि नायट्रोजनचे वायू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला.

मग एवढी चीर असूनही गाडी धावत कशी होती? हा पाइप टर्बोच्या पुढे असतो. टर्बोच्या आधी गळती झाली तर गाडीची ओढ कमी होते आणि साहेबांना ते लगेच कळते. टर्बोनंतर गळती झाली तर ओढ जवळपास तशीच राहते. "गाडी चालते आहे ना, मग चालू द्या" हे वाक्य येथूनच जन्म घेते. गाडी चालते, पण आत बसलेल्या माणसाचे काय?

पाइप बदलला त्या दिवशी आम्ही गॅरेजमध्ये उभे राहून सगळे काम पाहिले. आपले एक निवृत्त डिझेल शेड फिटर सोबत होते. ते काम आपण समजून घ्या, म्हणजे कोणी "वेल्डिंग मारून देतो" म्हणाला तर त्याला उत्तर देता येईल.

इंजिन पूर्ण थंड हवे. भाराखाली चाललेल्या गाडीचा हा पाइप काही शे अंश तापतो. गाडी सपाट जागी किंवा पिटवर घ्यावी, चाकांना गुटके लावावेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, घोडी लावल्याशिवाय काम नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गंज सरळ डोळ्यांत पडतो.

नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत. सहा कोनी सॉकेट लावून नट थोडा आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा थोडा मागे घ्यायचा. घाई केली की स्टड तुटतो. तुटलेल्या स्टडवर घण घातला तर टर्बोचे ओतीव घर तडकू शकते, आणि मग लहान खर्चाचा मोठा खर्च होतो. गॅस लावायची वेळ आलीच तर डिझेलची नळी, ब्रेकचे पाइप आणि वायरी आधी पाहाव्यात आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे.

पाइप उतरल्यावर टर्बोच्या तोंडात स्वच्छ फडके घालावे, आत टर्बाइनची पाती असतात. जोडणी करताना ते फडके आठवणीने काढावे. फ्लेंजचा जुना गॅस्केट खरवडून काढावा. गॅस्केट नवा, नटही नवे. स्टडच्या आट्यांना तांब्याची ग्रीस लावली तर पुढच्या वेळी नट सोडवताना त्रास होत नाही. सगळे सांधे आधी हातानेच ढिले बसवावेत, पाइप हँगरच्या रबरांवर मोकळा बसू द्यावा. मग टर्बोची फ्लेंज समोरासमोरचे नट घेत सारखी आवळावी आणि त्यानंतर मागचे सांधे. किती आवळायचे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. ओढूनताणून बसवलेला पाइप त्याच जागी पुन्हा तडकतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हा पाइप इंजिनाला जाणाऱ्या इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. काढलेले उष्णतारोधक पत्रे परत लावावेत. गाडी उघड्यावर सुरू करून फट-फट आवाज येतो का ते ऐकावे. दोन-चार दिवस चालवल्यावर थंड इंजिनावर नट पुन्हा तपासावेत. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत याच मार्गावर धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर असतात. तेथे कापाकापी करणे किंवा साधा पाइप टाकून वेळ मारून नेणे मुळीच चालणार नाही.

एवढे झाल्यावरही आपले फिटर थांबले नाहीत. त्यांनी इंजिन हलवून पाहिले. इंजिनाचे एक माउंटिंग पार बसलेले होते. इंजिन डोलत होते आणि त्याचा सगळा हिसका या पाइपावर येत होता. ते आम्हाला म्हणाले, "सांध्याखाली पॅकिंग नसेल तर नवी फिशप्लेट किती दिवस टिकेल?" ट्रॅकवाल्यांना आणखी सांगायला नको. माउंटिंग बदलले, गिअरचे रबरी बूट बदलले, तेव्हा काम पुरे झाले. अर्ध्या दिवसाचे काम होते. ते वेळेवर न केल्याने पाच घरांवर संकट आले होते.

टपालातल्या बंधूंनो, हा प्रश्न आपलाही आहे. मेल मोटरचा चालक थैल्या घेऊन पहाटे निघतो, थंडीत आणि पावसात काचा वर करतो. आपल्या गाडीखाली काय आहे ते आपणही पाहावे.

या घटनेनंतर आमच्या शाखेने प्रशासनाकडे पुढील मागण्या केल्या आहेत आणि प्रत्येक शाखेने त्या कराव्यात अशी आमची सूचना आहे :

१. दोष नोंदवण्याची वही प्रत्येक गाडीत असावी आणि त्यात लिहिण्याचा हक्क चालकाला असावा, मग तो खात्याचा असो वा ठेकेदाराचा.

२. केबिनमध्ये धूर येतो अशी नोंद झालेली गाडी दुरुस्त होऊन तपासली जाईपर्यंत बाहेर काढू नये.

३. सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कपात नसावी आणि बदली गाडी मिळावी. ही अट ठेक्याच्या करारातच असावी.

४. नोंद करणाऱ्या चालकाला कामावरून कमी करू नये.

यांपैकी पहिली मागणी आमच्याकडे मान्य झाली आहे. तिसरीवर पत्रव्यवहार चालू आहे. चौथीवर उत्तर नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. वही दिली पण लिहिणाऱ्याची नोकरी गेली, तर ती वही कोरीच राहील.

जाता जाता एवढेच सांगतो. उद्या सकाळी ड्युटीवर गेल्यावर आपल्या गाडीच्या चालकाला विचारा, "भाऊ, डोके दुखते का?" तो सभासद आहे की नाही ते नंतर पाहू. एका केबिनमध्ये बसणारे सगळे एकच हवा घेतात. ती हवा स्वच्छ ठेवणे हे युनियनचे काम आहे, आणि ते आम्ही यापुढे टाळणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!