कालावधीचा हिशेब आणि संगणकाची मांडणी



संगणकातील माहितीसंचाची नवी आवृत्ती बसविली, तरी जुन्या नोंदी तशाच दिसतील असा सर्वसाधारण समज असतो. नोंदींचे मूल्य टिकते हे खरे; परंतु ते दाखविण्याची रीत बदलू शकते आणि हिशेब चुकू शकतो.

‘पोस्टग्रेस’ या विनामूल्य माहितीसंच-प्रणालीचे उदाहरण बोधप्रद आहे. पूर्वी ती कालावधी महिने आणि सेकंद अशा दोनच कप्प्यांत साठवीत असे. त्यामुळे १ दिवस आणि २४ तास यांत तिला भेद नव्हता. २००५ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीत दिवसांचा स्वतंत्र कप्पा आला. त्यास सबळ कारण होते. अनेक देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे करतात. त्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा भरतो. भारतात आज ही प्रथा नाही. तरीही हा बदल येथील संगणकांनाही लागू झाला.

समजा, पाणीपुरवठा पंपाच्या चालकाने तीन पाळ्यांत ९, ९ आणि ८ तास काम केले. त्यांची बेरीज पूर्वी ‘१ दिवस २ तास’ या अर्थाने दिसे. नव्या आवृत्तीत ती ‘२६ तास’ अशी दिसू लागली. दोन्ही उत्तरे बरोबरच. मात्र पहिला आकडा दिवसांचाच असे गृहीत धरणारी वेतनपत्रकाची आज्ञावली तेथे २६ दिवस मोजील. चूक यंत्राची नव्हे, गृहीतकाची. पण नुकसान चालकाचे किंवा पंचायतीच्या निधीचे.

पुढे २००९ च्या ८.४ आवृत्तीत कालावधी दाखविण्याच्या चार पद्धतींतून निवड करण्याची स्वतंत्र सोय झाली. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. पहिले, ही पद्धत कोणती हे स्पष्टपणे ठरवून लिहून ठेवावे. दुसरे, वेतनाची आकडेमोड दिसणाऱ्या मजकुरावरून न करता सेकंदांच्या संख्येवरून करावी. २६ तासांचे ९३,६०० सेकंद कोणत्याही मांडणीत तेवढेच राहतात. तिसरे, बदलापूर्वी जुन्या व नव्या आवृत्तीवर एकच अहवाल काढून ते शेजारी ठेवून ताडून पाहावेत; त्यात २४ तासांहून अधिक बेरजेच्या नोंदी अवश्य असाव्यात.

एवढी दक्षता घेतली, तर श्रमणाऱ्याच्या तासांचा मोबदला बिनचूक त्याच्या हाती पडेल.