गच्चीवरची शेड बंद करावी का?
(वार्षिक सभेतील भाषण)



गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडच्या बाजू बंद करून सामानाची खोली करावी, अशी सूचना आली आहे. माझा विरोध आहे. महापालिकेच्या परवानगीचं सचिव बोलतीलच, मी हवेचं बोलतो.

आपल्या ठाण्यात मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही. आज बाजू उघड्या आहेत, तापलेली हवा वारा घेऊन जातो आणि स्लॅबला नुसती सावली मिळते. बंद केल्या तर तीच शेड भट्टी होईल. वरच्या मजल्यावरचे पंखे रात्रभर गरम हवाच फिरवतील. कोकणात कौलांच्या फटींतून चुलीचा धूर आणि उष्मा दोन्ही निघून जायचे, ते उगाच नाही.

पावसाळ्यात मात्र वाऱ्यावर भरवसा नको. जुलैत बाहेरचीच हवा ओली, ती कितीही खेळवली तरी गाद्यांना बुरशी येणारच. झड येते नैर्ऋत्येकडून. तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा लावू, म्हणजे पाणी अडेल, वारा नाही. बाकीच्या दोन बाजू उघड्याच राहोत. जुनी कपाटं, गाद्या कुणाला ठेवायच्या असतील, तर आधी भंगारवाल्याला भाव विचारा!