फट बुजवण्याआधी ओल शोधा

नवी लाकडी जमीन बसवली आणि चार-सहा महिन्यांत पट्ट्यांमध्ये फटी दिसू लागल्या, की घरात एकच घाई होते: पुट्टी भरून टाका! जरा थांबा.

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. ते फुगतं रुंदीत. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. पावसाळ्यात बसवलेली पट्टी दिल्ली-इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि फट पडते. पुढच्या पावसात ती बहुधा मिटते. तिथे कडक पुट्टी असेल, तर फुगणाऱ्या पट्टीला जागा मिळत नाही. म्हणून तिन्ही ऋतू जाऊ द्या. पट्टीच चिरली असेल, तर मात्र ती बदलावी लागते.

कडा वर आणि मध्ये खोलगट झालं असेल, तर ओल बहुधा खालून येते आहे. आधी गळका नळ, ओला कोबा शोधा. लगेच घासून सपाट करू नका. वाळल्यावर कडा खाली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो.

अजून जमीन बसवायची आहे? कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव धरलं तर काम थांबवा. नाही धरलं तरी मीटर लावून खात्री करा. भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर जागा सोडायला सांगा. आणि पैसे चुकते करण्याआधी स्कर्टिंगखाली ती खरंच सोडली आहे का, ते बघा.