काटा वर गेला तर लपवू नका

(मिहानलगतच्या गावांतल्या ग्रामसंघांच्या मासिक सभेत, गटाची गाडी चालवणाऱ्या एका ताईने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला सांगितलं, ‘गाडी गरम होते तेव्हा काय करायचं यावर बोल.’ मी काही मेकॅनिक नाही. दहावीपर्यंत शिकले आणि तीन वर्षांपासून आपल्या ग्रामसंघाची आठ सीटची गाडी चालवते. पहाटे कॉटन मार्केटला भाजी पोचवते, आठ वाजता बायांना मिहानमध्ये कामावर सोडते आणि संध्याकाळी परत आणते. एके काळी आपल्या खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या भागात शेतं होती. आता तिथं कंपन्या आहेत, एम्स आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं कँटीनमध्ये, साफसफाईत राबतात. गाडी एक दिवस बंद पडली तर सात जणींचा खाडा होतो. म्हणून हा विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी माझी चूक सांगते.

मागच्या उन्हाळ्यात वर्धा रोडवर चिंचभवनजवळ ट्रॅफिकमध्ये गाडीचा काटा वर चढला. मी बाजूला थांबले. थंड झाल्यावर पाहिलं तर पाणी कमी होतं. बाटलीतलं पाणी टाकलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी रोज सकाळी घरच्या बोअरचं पाणी टाकायचे आणि गप्प बसायचे. कारण काय? भीती. ‘बाईच्या हाती गाडी दिली अन् बिघडवली’ असं गावात कुणी म्हणेल ही भीती. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी बोनटमधून वाफ निघाली आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी लागली.

गॅरेजवाल्या भाऊंनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, ‘हेड गॅसकेट गेलं, इंजिन खोलावं लागेल, बत्तीस हजार.’ आपला महिन्याचा हप्ता सात हजार चारशे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

त्या रात्री बैठक झाली. मी रडत रडत सगळं सांगितलं. कुणी रागावलं नाही. आपल्या कोषाध्यक्ष काकूंनी एवढंच विचारलं, ‘काहून गं पोरी, रोज किती पाणी लागत होतं?’ मी म्हटलं, एक लिटर. ‘अन् सकाळी गाडीखाली ओलं दिसत होतं काय?’ नाही. तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, ‘कुकरची शिट्टी झाली नाही तं आपण कुकर फेकतो काय? आधी रिंग पायतो ना!’

ताईंनो, अख्ख्या गाडीचं गणित त्या एका वाक्यात होतं.

इंजिनमध्ये इंधन जळतं, त्याची उष्णता बाहेर काढायला आत पाणी फिरतं. वॉटर पंप ते फिरवतो. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट नावाचा झडपेसारखा भाग साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो आणि गरम पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जातं. तिथं वारा आणि पंखा त्याला थंड करतात. हे नुसतं पाणी नसतं, त्यात कूलंट मिसळलेलं असतं, बहुतेक निम्मं-निम्मं. कूलंटमुळे पाणी १०० अंशांवर न उकळता आणखी वर उकळतं, आत गंज आणि क्षार धरत नाहीत. आणि रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण. ते आत दाब धरून ठेवतं, दाबामुळे पाणी आणखी उशिरा उकळतं. झाकणाचं रबर चिरलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि वाफ होऊन उडून जातं. म्हणून गाडीखाली ओलं दिसत नाही.

मी काय केलं? रोज नुसतं पाणी ओतून उरलेलं कूलंट पातळ केलं. जितकं पातळ, तितकं लवकर उकळणार. जितकं उकळणार, तितकं कमी होणार, आणि मी अजून पाणी ओतणार. त्यात आपल्या बोअरचं पाणी किती जड! माठाला पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि ऊन नागपूरचं. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. रेडिएटरला थंड व्हायला मिळणारा वाराच इतका तापलेला, तर गाडीचं काय होईल?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुसऱ्या गॅरेजला गेलो. ‘दुरुस्त करा’ असं म्हटलं नाही. म्हटलं, ‘भाऊ, आधी तपासा. झाकण पाहा, पंखा पाहा, दाब देऊन पाहा आणि हेड गॅसकेट गेलं असेल तर आम्हाला दाखवा.’ त्यांनी झाकण काढलं, रबर बोटानंच तुटलं. झाकणाभोवती पांढरे डाग होते, म्हणजे वाफ तिथूनच निघत होती. ऑइल स्वच्छ होतं. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. धूर पांढरा नव्हता. हेड गॅसकेट शाबूत! नवीन झाकण, रेडिएटरची धुलाई, नवीन कूलंट मिळून दोन हजार दोनशे पन्नास रुपये झाले. पण आणखी आठवडाभर मी अशीच गाडी चालवली असती तर हेड खरंच वाकलं असतं आणि बत्तीस हजार खरेच लागले असते. नशिबानं वाचलो.

आता लक्षात ठेवायच्या खुणा सांगते. गाडी कधी गरम होते यावरून दुखणं कुठं आहे ते कळतं.

ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम होते आणि चालायला लागली की थंड होते, तर आधी पंखा पाहा. पंख्याचा फ्यूज, रिले किंवा मोटर गेलेली असू शकते.

गावात ठीक चालते पण भरलेली गाडी हायवेवर गरम होते, तर रेडिएटर आतून गाळानं किंवा बाहेरून धूळ-कचऱ्यानं चोंदला असेल, नाहीतर कूलंट कमी असेल.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जातो, रेडिएटरचा वरचा पाइप कढत आणि खालचा गार लागतो, तर थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्या.

गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग पडतो, तर पाइप, पंप किंवा रेडिएटर गळतो आहे. एसीचं पाणी मात्र स्वच्छ असतं, त्याला घाबरू नका.

ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, गरम गाडीतूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर हेड गॅसकेट. तेव्हा गाडी अजिबात चालवू नका.

आणि एक फसवी खूण. वर गेलेला काटा अचानक खाली आला तर ‘बरं झालं’ म्हणू नका. कदाचित पाणी पूर्ण संपलं असेल आणि काट्याचा सेन्सर कोरडा पडला असेल.

रस्त्यात काटा वर गेला तर एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा, थोडी उष्णता तिकडून निघते. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. ‘दोनच किलोमीटर राहिले’ म्हणून पुढे जाऊ नका. बायांना सावलीत बसवा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. वाफ कोंडलेला कुकर आपण उघडतो का? मग हे झाकण तरी का उघडायचं? तोंडावर कढत पाणी उडतं. पूर्ण थंड झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळू फिरवा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, लोखंड तडकतं. अडचणीत साधं पाणी टाकलं तरी चालेल, पण गॅरेजपर्यंतच आणि तिथं ‘साधं पाणी टाकलंय’ असं सांगून.

घरात कूलंट ठेवलं तर वर ठेवा. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. लेकरू, शेळी, कुत्रं कुणीही चाटू नये. रंग पाहून दुसऱ्या जातीचं कूलंट मिसळू नका, पुस्तिकेत लिहिलं आहे तेच घ्या.

शेवटचं सांगते. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, त्यात बचत गटाच्या बायांनीच गावाची गाडी चालवावी असा विचार होता. गाडी चालवायला आपण शिकलो. आता तिची वही लिहायला शिकू. गटात दहा रुपयांची बचतही आपण वहीत लिहितो. मग एक लिटर पाणी मी का नाही लिहिलं? पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं असतं, ‘ताई, हे पाणी जातं कुठं?’

आता आपल्या गाडीत वही आहे. रोज सकाळी इंजिन थंड असताना तारीख, किलोमीटर, कूलंटची खूण, ऑइलची खूण आणि चालवणारीची सही. पाच मिनिटांचं काम. आपल्या प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या गाडीसाठी ही वही घालावी आणि मासिक सभेत वाचावी, एवढीच माझी विनंती.

आणि जी चालवते तिला एक सांगते, बाई, गाडी बिघडणं हा तुझा गुन्हा नाही. बिघाड लपवशील तर मात्र तो सगळ्यांना महागात पडेल.