तिसऱ्या क्षणाची वाट



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी निबंधासाठी आम्हांला एकच अट घातली होती : जे पाहिले नाही ते लिहू नका. शाळा सुटल्यावर सियागंजातून घरी जाताना पाहण्यासारखे पुष्कळ असे. हातगाडीवरच्या गुळाच्या भेल्या, मिरचीच्या पोत्यांजवळ लागणारा ठसका, हिंगाचा उग्र दर्प, गादीवर मान खाली घालून वही लिहिणारा मुनीम. कथा सुचते कशी, असे मला नेहमी विचारतात. सुचण्याचे मला फारसे कौतुक नाही. सियागंजात तासभर उभे राहिल्यास दहा कथा सुचतील. महिन्याभराने त्यांतली एकही उरत नाही, खरी अडचण तिथे आहे.

या अडचणीचा सर्वांत खोल विचार आपल्याच माळव्यात वाढलेल्या एका मराठी घरातील लेखकाने केला, आणि तो हिंदीत केला. गजानन माधव मुक्तिबोध १९३८ साली इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून बी. ए. झाले. 'एक साहित्यिक की डायरी' या त्यांच्या १९६४ मधील पुस्तकात 'तीसरा क्षण' नावाचा लेख आहे. निर्मितीचे तीन क्षण ते मानतात. पहिला, जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्राचे रूप घेतो त्याचा. तिसरा, ते चित्र शब्दबद्ध होऊ लागते तेथपासून कृती पूर्ण होईपर्यंतचा. म्हणावयास क्षण, प्रत्यक्षात तो कित्येक वर्षे चालतो. भाषा त्या चित्राला बदलते, आणि चित्र भाषेला.

मुक्तिबोधांची स्वतःची कहाणी कठोर आहे. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांना पाहावयास मिळाला नव्हता. 'काठ का सपना' हा कथासंग्रह तर १९६७ मध्ये आला. पुस्तक हाती येण्याच्या आनंदावर ज्यांची चिकाटी पोसली जाते त्यांनी, म्हणजे आम्ही बहुतेकांनी, हे ध्यानी ठेवावे.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध १९२१ मध्ये इंदुरात जन्मले. घर एकच, परंतु ते मराठीत लिहीत राहिले. 'क्षिप्रा' १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली, 'सरहद्द' १९६२ मध्ये आणि 'जन हे वोळतु जेथे' १९६९ मध्ये. एका कादंबरीत्रयीसाठी पहिल्या प्रकाशनापासून शेवटच्यापर्यंत पंधरा वर्षे! उज्जैनच्या नदीचे नाव मराठी कादंबरीला देणारा हा लेखक आपला आहे, हे येथील मुलांना माहीत असते काय? मला तरी शाळेत असताना माहीत नव्हते.

आता थोडे स्वतःविषयी, कारण त्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. तो मुनीम मी एका दीर्घकथेत आणला. एका संपादकांनी हस्तलिखित परत पाठविले; संवादांतील माळवी-हिंदी काढून शुद्ध मराठी घालावी, अशी सूचना होती. मी मुकाट्याने तसे केले. मुनीमजी 'काय हो, हिशेब जुळला का?' असे विचारू लागले आणि एका रात्रीत सदाशिव पेठेतले कारकून झाले. पुन्हा वाचले तेव्हा मला शरम वाटली. दोष त्या संपादकांना देऊन मी सात वर्षे मोकळा राहिलो. लिहिणे टाकण्यासाठी दुसऱ्याचे कारण फार सोयीचे असते.

'तीसरा क्षण' मी दुसऱ्यांदा वाचला तो या सात वर्षांच्या अखेरीस. माझी चूक मग दिसली. तिसऱ्या क्षणी भाषेशी जी झटापट व्हावयाची, ती मी केलीच नव्हती. तयार भाषा उचलून वरून पांघरली होती. आपल्या इंदुरी मराठीला पुण्याकडचे लोक हसतात, आपणही घाबरून पाहुण्यांसमोर निराळे बोलतो. पण दुकानात हिंदीत भाव करून घरी मराठीत त्याची तक्रार करणारा माणूस जसा बोलतो, तसाच तो विचारही करतो. त्याच्या तोंडची हिंदी काढली की त्याचा अर्धा दिवस नाहीसा होतो.

तेव्हा पुन्हा सियागंजात जाऊन बसू लागलो. ओळखीच्या एका दुकानदारांनी स्टूल दिले, कारण विचारले नाही. रोज सकाळी एक पान, बरे-वाईट कसेही. पहिल्या चार महिन्यांतील बहुतेक पाने फाडली. पाचव्या महिन्यात मुनीमजी वहीतून मान वर करून मालकाशी हिंदीत, स्वतःशी माळवीत आणि शेजारच्या मराठी मास्तरांशी आपल्या मोडक्या मराठीत बोलले. ते पान मी सोबत आणले आहे. अध्यक्षांची अनुमती असल्यास वाचतो.