पाण्याची टॅली

(वस्तीतल्या चर्चामंडळाच्या पहिल्या बैठकीतलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत गोण्या उचलतो, रात्री कविता लिहितो. पाण्यावर बोलायला इंजिनियर बोलवा, असं काहींचं म्हणणं पडलं. जरूर बोलवू. पण त्याला काय विचारायचं, ते आधी आपल्याला कळायला पाहिजे.

गोदीत ओझं कुणीही वाहो, ज्याच्या हातात टॅली त्याचाच आकडा खरा. पाण्याचंही तेच. हंडे आपण वाहायचे, नाले आपण उपसायचे, गटारात उतरून मरायचं आपण. आणि हिशेब दुसऱ्यानंच लिहायचा!

आपल्याला पाण्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा : गावच्या शिवेचा तंटा पडला की साक्षीला कुणाला बोलवायचे? महाराला. ओढा कुठं वळतो, शीव कुठं फुटते, हे आपल्या आज्या-पणज्याला पाठ होतं. शीव त्यानं सांगायची, अन् पाणवठ्यावर पाय ठेवायचा नाही. वा रे न्याय!

महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या ठरावानं आधीच खुलं झालं होतं. तरी ओंजळ भरायला १९२७ साली बाबासाहेबांसोबत हजारोंना चालत जावं लागलं. आणि महाड लांब वाटत असेल तर आपला दौलताबाद बघा. १९३४ साली किल्ल्याच्या दारातल्या हौदावर बाबासाहेबांसोबतच्या काही मंडळींनी तोंड-पाय धुतले, तर पाणी बाटलं म्हणून लोक अंगावर धावून आले. किल्ला दाखवला तोही हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. पाण्याला पुन्हा हात लागू नये म्हणून.

आता आपल्या शहराकडे या. हे शहर वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली, खडकी नावानं. हा माणूस आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला. त्यानं डोंगरउताराचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात खेळवलं. उतार ओळखला म्हणून पाणी आपोआप आलं. गुलामाला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

पाणलोट म्हणजे तरी काय? डोंगराच्या धारेवर उभं राहायचं. अल्याड पडलेला थेंब एका नदीला, पल्याडचा दुसरीला. अल्याडचा सगळा उतार मिळून एक पाणलोट. आपला पाणलोट खाम नदीचा. जटवाड्याच्या डोंगराकडून ती हर्सूलवरून, पाणचक्कीजवळून, छावणीकडून खाली जाते आणि नाथसागराला मिळते. जाताना शहराची घाण घेऊन जाते. आणि आपण पितो कुठलं पाणी? त्याच नाथसागराचं! घाण उतारानं फुकट जाते, पाणी पंपानं चढावर आणावं लागतं. म्हणून ते महाग. पाइपाच्या शेवटच्या टोकाला कोण राहतं, ते मी सांगायला नको.

धरणासाठी शंभरावर गावं उठली. पाणी कुणाच्या उसाला गेलं, कुणाच्या कारखान्याला गेलं, हे प्रश्नसुद्धा चर्चामंडळाचेच.

पाण्याची वाटणी दुसऱ्या तऱ्हेनं होऊ शकते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. आणि ऊस बंद. भूमिहीनालाही वाटा! आपल्यासारख्या बिनजमिनीच्या माणसांनी हे वाक्य घराच्या भिंतीवर लिहावं.

म्हणून काम असं. दहा-बारा जणांनी आठवड्यातून एकदा बसायचं. आधी म्हाताऱ्या बाया बोलतील. कोणती विहीर कधी आटली, कुठला नाला कुणी बुजवला, त्यांना ठाऊक आहे. विहिरीत गाठी मारलेला दोर सोडून दिवाळीला एकदा अन् मे महिन्यात एकदा पाणी मोजायचं. नळ कधी आला, किती वेळ राहिला, टँकरवाल्यानं किती घेतले, सगळं तारखेनिशी वहीत. ज्याला लिहिता येत नाही त्यानं बोलावं, पोरांनी लिहावं. सहा महिन्यांनी ती वही घेऊन महापालिकेच्या दारात उभे राहू. नुसत्या घोषणेला साहेब चहा पाजून वाटेला लावतो. तारीखवार आकड्याला त्याला उत्तर द्यावं लागतं.

येत्या रविवारी सकाळी सहाला जटवाड्याकडे निघायचं. तिथून नदीच्या काठाकाठानं खाली वस्तीपर्यंत पायी. भाकरी बांधून आणा. वही मी आणतो.

जय भीम!